अंधाराची भीती आणि आमचा खोटा धीटपणा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शब्बाथशाळेत आम्ही शमुवेलाचा धडा घेत होतो. रात्रीची वेळ, दिवा अजून मालवलेला नाही, वृद्ध एली आपल्या ठिकाणी निजलेला आणि लहान शमुवेलाला कोणीतरी नावाने हाक मारत आहे, हे चित्र आम्ही मुलांपुढे रंगवून उभे केले. तेवढ्यात मागच्या चटईवरील अकरा-बारा वर्षांच्या एका मुलाने विचारले, "एवढ्या रात्री त्याला भ्या वाटलं नाही काय वो, सर?"

आम्ही ठरावीक उत्तर दिले. देव जवळ असताना भीती कशाची? मुलाचे तेवढ्याने समाधान झाले नाही. "तुम्हाला बी वाटत नाही?" त्याने विचारले. वर्ग हसला. आम्ही छाती पुढे काढून म्हणालो, "नाही."

ते उत्तर खोटे होते. आमचे वय आज चाळिशीच्या पुढे आहे, बायबलच्या अभ्यासाची पदविका गाठीशी आहे, अनेक मंडळ्यांतून उपदेश करण्याची संधी आम्हांला मिळते. आणि तरीही दिवे गेल्यावर घरात एकट्याने एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना आमच्या पाठीत गारवा उतरतो. ही गोष्ट आमच्या पत्नीखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. पुढचे दोन रविवार तो मुलगा आला नाही. त्याच्या आईला विचारले तेव्हा ती संकोचाने म्हणाली, "दिवा लावल्याशिवाय झोपत नाही तो. आता म्हणतोय, सरांचा विश्वास खरा, माझा खरा नाही. मग शाळंला जाऊन काय करू?"

प्रिय वाचकहो, हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहीत आहोत. आमच्या चार अक्षरांच्या बढाईने एका मुलाला स्वतःच्या विश्वासाविषयी शंका घ्यायला लावली. म्हणून अंधाराची भीती ही काय वस्तू आहे, ती बाळगणे हे पाप आहे काय, आणि वय वाढल्यावरही ती गेली नाही तर ख्रिस्ती मनुष्याने काय करावे, याचा विचार आपण सर्वांनी मिळून करावा असे आम्हांला वाटते.

प्रथम हे कबूल करू या की ही भीती केवळ मुलांची नाही. मंडळीत जरा कान देऊन ऐकले तर तिच्या खुणा दिसतात. एखादे गृहस्थ रात्रभर न्हाणीघरातील दिवा चालू ठेवतात आणि "लहान मुलांसाठी" असे सांगतात. त्यांची मुले केव्हाच नोकरीला परगावी गेलेली असतात. एखादी विधवा भगिनी संध्याकाळच्या प्रार्थनासभेला येत नाही आणि गुडघ्याचे कारण पुढे करते; सकाळच्या उपासनेला मात्र तेच गुडघे तिला घेऊन येतात. अशा माणसांना आपण आळशी म्हणतो, थंडावलेले म्हणतो. खरे कारण आपण विचारत नाही, कारण मोठ्या माणसाला अंधाराची भीती वाटत असेल हे आपल्या मनातच येत नाही.

मात्र "अंधाराची भीती" या एका नावाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी जमा होतात. त्या वेगळ्या केल्या नाहीत तर औषध एकाचे आणि दुखणे दुसऱ्याचे असे होते.

पहिली गोष्ट म्हणजे भीती नसून सावधपणा. आमच्या खानापूरच्या बाजूला जंगल जवळ आहे. पावसाळ्यात बांधावरून जाताना पायाखाली काय आहे ते पाहिलेच पाहिजे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेतच दंश करते, हे खेड्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. शहरात उघडी गटारे असतात, आणि एकट्या स्त्रीला रात्रीच्या रस्त्यावर माणसांचेच भय असते. अशा ठिकाणी बॅटरी घेऊन जाणे, सोबत मागणे किंवा न जाणे हे शहाणपण आहे. त्याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. काहींना अंधुक उजेडात खरोखरच दिसत नाही. जीवनसत्त्व 'अ' कमी पडले तर रातांधळेपणा येतो. मोतीबिंदू पिकू लागला की संध्याकाळी चाचपडायला होते. डोळ्यांच्या मागच्या पडद्याचे काही विकार घराण्यातून चालत येतात आणि त्यांची पहिली खूण रात्रीच दिसते. असा मनुष्य अंधारात बिचकला तर त्याला उपदेशाची गरज नाही, डोळ्यांच्या डॉक्टरची आहे.

तिसरी गोष्ट दुःखाची. दिवसा कामात विसरलेले दुःख रात्री उशाशी येऊन बसते. जोडीदार गेल्यानंतर ज्यांना अंधार सोसवत नाही, त्यांना अंधारापेक्षा रिकामी बाजू जास्त सोसवत नसते. त्यांच्यासाठी दिव्यापेक्षा माणूस अधिक उपयोगी.

आणि चौथी गोष्ट ती खरी अंधाराची भीती. धोका नाही, डोळे ठीक आहेत, घर आपलेच आहे, हे सर्व बुद्धीला ठाऊक असते; तरीही काळीज धडधडते, हात दिव्याचे बटण शोधतो, पाय नकळत धावू लागतात. पुढचा विचार मुख्यतः हिच्याविषयी आहे.

ही भीती कोठून येते? काही अंशी ती आपल्या शरीरातच आहे. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा लगेच तयार होत नाही. आपल्या डोळ्यांत दोन प्रकारच्या पेशी आहेत. भर उजेडात काम करणाऱ्या पेशी अंधाराला सुमारे दहा मिनिटांत जितक्या सरावायच्या तितक्या सरावतात. अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशींना पुरते सरावायला अर्धा तास लागतो. शिवाय आपण जेथे थेट नजर रोखतो, त्या डोळ्यांच्या मध्यबिंदूवर या दुसऱ्या पेशी नसतातच. म्हणून अंधारात कडेच्या नजरेला काहीतरी पांढरे दिसते आणि तिकडे थेट पाहिले की ते नाहीसे होते. आमच्या लहानपणी किती जणांनी असे "पाहिलेले आणि नाहीसे झालेले" सांगितले असेल! दोरीवर वाळत घातलेले धोतर आणि डोळ्यांची ही रचना, एवढ्याच भांडवलावर किती तरी भुते गावात वर्षानुवर्षे नांदली.

कानही तसेच. १९९७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रयोगाने दाखवले की तोच मोठा आवाज उजेडात ऐकला तर मनुष्य जितका दचकतो, त्याहून अंधारात अधिक दचकतो. म्हणजे अंधारात शरीर आपोआप पहाऱ्यावर उभे राहते. हा पहारेकरी देवानेच दिलेला आहे. काहींचा पहारेकरी शांत असतो, काहींचा पान हलले तरी ओरडतो. त्याच्या ओरडण्याला अविश्वास म्हणणे हे नाडी जलद चालते म्हणून कोणाला पापी म्हणण्यासारखे आहे.

पण सगळाच दोष शरीराचा नाही. बराचसा आपला, म्हणजे मोठ्यांचा आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सतराव्या शतकाच्या शेवटी हे स्पष्ट लिहून ठेवले. अंधार आणि भुते यांचा आपसांत मुळीच संबंध नाही. परंतु घरातील कोणी अडाणीपणाने लहान मुलाच्या मनात त्या दोहोंची गाठ एकदा मारून दिली की ती मोठेपणीही सुटत नाही, असा त्याचा आशय होता. १६९३ मध्ये मुलांच्या शिक्षणावर लिहिताना त्याने पालकांना याच कारणासाठी सावध केले. आपल्याकडे त्या गाठी कोण मारतो? "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल." "पिंपळाखालून जाऊ नको, मुंजा आहे." आपण म्हणतो, आम्ही प्रभूला मानतो, भुताखेतांना मानत नाही, पण मूल झोपेना की बागुलबुवाला हाक मारायला आपली ख्रिस्ती घरेही मागे नाहीत. आमच्या बाबतीत घरातील एका वडीलधाऱ्या माणसाने शिक्षा म्हणून आम्हांला अडगळीच्या खोलीत कोंडले होते. तासाभराने दार उघडले. त्या मनुष्याने ते संध्याकाळपर्यंत विसरूनही टाकले असेल. आम्हांला ती खोली आजही आठवते. कांद्याचा वास आणि पत्र्यावर पडणारा पाऊस यांसकट.

आता मुख्य प्रश्न. अशी भीती बाळगणे हा दोष आहे काय? भीती हे अविश्वासाचे चिन्ह आहे, असे आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळदा सांगितले जाते, आणि ते आम्हीही सांगितले आहे. पण पवित्र शास्त्र उघडून पाहावे. गालील समुद्रावरील त्या वादळी रात्रीचा वृत्तांत मत्तयाच्या १४ व्या अध्यायात आहे. नावेत कोण होते? त्यांत कोळी होते. त्याच पाण्यावर रात्रीमागून रात्री जाळी टाकलेली, राकट हातांची प्रौढ माणसे. रात्रीचा चौथा प्रहर, म्हणजे आपल्या हिशेबाने पहाटे तीननंतरची वेळ. पाण्यावरून कोणी येत आहे असे पाहून ती माणसे भुताच्या भयाने ओरडली. सुवार्ता लिहिणाऱ्याने हे लपवले नाही. आणि प्रभूने काय केले? प्रथम आपण कोण आहोत ते त्यांना सांगितले आणि त्यांना धीर दिला. पुढे पेत्र पाण्यावर चालू लागला, घाबरला आणि बुडू लागला. त्याच्या अल्पविश्वासाविषयी प्रभू बोलला खरा. परंतु क्रम पाहा. आधी हात पुढे करून त्याला धरले, मग शब्द बोलला. आम्ही उपदेशक बहुधा उलट करतो. शब्द आधी आणि हात जमल्यास नंतर.

९१ वे स्तोत्र रात्रीच्या भयाचे नाव रोगराई आणि युद्धातील बाण यांच्या पंक्तीत घेते. म्हणजे ते भय खरे आहे, थट्टेचे नाही, हे शास्त्रालाच मान्य आहे. आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. आपण पापाला अंधार म्हणतो आणि प्रभूला प्रकाश म्हणतो. शास्त्रही तसे बोलते, आणि ते योग्यच आहे. परंतु लहान मूल, आणि कधी कधी मोठा मनुष्यही, त्यातून असा अर्थ घेतो की खोलीतला अंधार हाच सैतानाचा प्रांत आहे. तसे नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने अंधाराला रात्र हे नाव दिले, आणि दिवस मोजताना संध्याकाळ आधी येते, सकाळ मागून. निर्गमात मोशे दाट अंधाराजवळ गेला, कारण देव तेथे होता. निकदेम रात्री आला आणि प्रभूने त्याला दिवसा ये म्हणून परत पाठवले नाही. गिदोनाने दिवसा लोकांच्या भीतीने जे करवले नाही ते रात्री केले. त्याला अंधार हाच आडोसा झाला. रात्र ही देवाने केलेली वस्तू आहे. शत्रूची जहागीर नव्हे.

मग दोष कोठे असतो? ग्रीक विचारवंत अ‍ॅरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्रात म्हटले आहे की मनुष्याची स्तुती किंवा निंदा केवळ मनात भावना उठली म्हणून होत नाही; त्या भावनेशी तो कसा वागतो त्यावरून होते. ज्याला कशाचीच भीती वाटत नाही त्याला त्याने शूर मानले नाही. असा मनुष्य वेडा किंवा बधिर असावा, असे तो म्हणतो. आम्हांला हा विचार पुस्तकात वाचून पटला होता. अंगाने तो पटला २०१९ च्या ऑगस्टमध्ये.

त्या महिन्यात बेळगाव जिल्ह्यात महापूर आला होता, हे पुष्कळांना आठवत असेल. आमच्याकडे वीज कित्येक दिवस नव्हती. एके रात्री साडेदहाच्या सुमारास दार वाजले. चौदा वर्षांचा एक मुलगा भिजत उभा होता. आमच्या मंडळीतील एक वृद्ध मावशी आजारी होत्या; रात्र निघेल की नाही याची त्यांना खात्री वाटत नव्हती. त्यांनी प्रार्थनेला बोलावले होते. घर दूर नव्हते, शेताच्या कडेने पाऊलवाट, पाण्याचा धोका नव्हता. हातात बॅटरी होती. आम्ही दाराबाहेरच्या काळोखाकडे पाहिले आणि म्हणालो, "अंगात कणकण आहे रे. सकाळी लवकर येतो म्हणून सांग." मुलगा "बरं" म्हणाला आणि आला होता त्याच अंधारातून एकटा परत गेला.

सकाळी आम्ही गेलो. मावशी अंथरुणावर उठून बसल्या होत्या. प्रभूने त्यांना आणखी काही महिने दिले. आम्हांला पाहताच त्यांनी पहिले काय विचारले असेल? "ताप उतरला काय रे बाळा?"

त्यांना खरे सांगण्याचा धीर आम्हांला पुढेही झाला नाही. आता त्या नाहीत.

वाचकहो, त्या रात्री आमचा अपराध कोणता? छाती धडधडली हा नव्हे. तिच्यावर आमची सत्ता नव्हती. अपराध हा की भीती लपवण्यासाठी आम्ही खोटे बोललो, एका आजारी स्त्रीला तिष्ठत ठेवले, आणि एका पोराला एकटे परत धाडले. "मला अंधाराची भीती वाटते, तू जरा थांब, घरच्यांनाही उठवतो, आपण तिघे मिळून जाऊ," एवढे एक वाक्य बोललो असतो तर सर्व काही निभावले असते. त्या वाक्याची किंमत होती फक्त आमची प्रतिष्ठा. ती वाचवण्यासाठी आम्ही बाकीचे सर्व खर्चून टाकले. भीतीने आम्हांला दारात थांबवले हे खरे. परंतु भीतीची लाज नसती तर आम्ही थांबून राहिलो नसतो. म्हणून आम्ही आता म्हणतो की भीती हा दोष नाही, भीतीची लाज मात्र माणसाला दोषाकडे ओढून नेते.

त्या दिवशी घरी येऊन आम्ही पत्नीला सर्व सांगितले. ती हसली नाही, रागावलीही नाही. "मग आता शिकायचं," एवढेच म्हणाली.

शिकता येते काय? येते, आणि ते कसे हे पुष्कळ वर्षांपासून ठाऊक आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हा मुलगा सशाला भीत असे. त्यांनी त्याला आवडीचे खाणे दिले, आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा प्रथम लांब ठेवला. मग रोज थोडा जवळ आणला. सशाला न भिणारी इतर मुलेही त्याच्या सोबतीला आणली. शेवटी तोच पीटर सशाला हाताने कुरवाळू लागला. पुढे १९५८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टर जोसेफ वोल्पे यांनी मोठ्या माणसांसाठी अशाच पायरी-पायरीच्या उपचाराची नीट मांडणी केली. त्यातील मर्म साधे आहे. भीतीपासून पळालो की ती वाढते. तिच्यात एकदम ढकलले तर ती आणखी घट्ट बसते. परंतु सोसवेल एवढ्याच पायरीवर, ती ओसरेपर्यंत थांबलो, तर शरीर हळूहळू शिकते की येथे काही होत नाही.

आमच्या घरी ते असे झाले. पहिले काही दिवस कंदिलाची वात बारीक करून आम्ही खोलीत बसत असू, पत्नी शेजारच्या खोलीत भांडी आवरत असे. भांड्यांचा आवाज ऐकू येई तेवढाच आधार. पुढे कंदील दाराबाहेर ठेवला. मग तो मालवला आणि बॅटरी हातात ठेवली, पण पेटवली नाही. दोन मिनिटे, मग पाच, मग दहा. नियम एकच होता की भीती चढलेली असताना उठायचे नाही. ती उतरू लागली की मग उठायचे. चढाच्या वेळी उठले तर शरीर समजते की पळालो म्हणून वाचलो. त्यानंतर परसातील न्हाणीघरापर्यंत जाणे आले. प्रथम दोघे, मग पत्नी पायरीवर उभी आणि आम्ही पुढे. बाहेर पडल्यावर लगेच चालू न लागता डोळे सरावेपर्यंत थोडे थांबायचे, आणि हातातल्या मोबाइलकडे पाहायचे नाही, कारण त्याचा उजेड सरावलेल्या डोळ्यांना पुन्हा आंधळे करतो. पलंगाखाली वाकून पाहणे, कडी तीनदा तपासणे या सवयीही एकेक करून सोडल्या. एकदा पाहावे, पुन्हा नाही.

यात कित्येक महिने गेले. काही रात्री मागे घसरलो. प्रार्थना आम्ही आधीही करत होतो. पण मान्य केले पाहिजे की ती ताइतासारखी करत होतो. शब्द भरभर म्हणायचे म्हणजे काही जवळ येणार नाही, असा हिशेब होता. आता सावकाश, मोठ्याने, एवढेच म्हणतो की प्रभू, मला भीती वाटत आहे आणि तू येथे आहेस. दोन्ही वाक्ये खरी आहेत. पहिले लपवून दुसरे म्हटले तर ते आमच्याच कानाला पोकळ लागत असे.

काहींना मात्र घरच्या उपायांनी भागत नाही. ही भीती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकून असेल, झोप व कामधंदा बिघडवत असेल, श्वास कोंडत असेल, किंवा एखाद्या अपघातानंतर अथवा अत्याचारानंतर सुरू झाली असेल, तर मनोविकाराच्या डॉक्टरांकडे किंवा प्रशिक्षित समुपदेशकाकडे जावे. त्यात विश्वासाला कमीपणा येत नाही. हाड मोडले तर आपण डॉक्टरांकडे जातोच. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारत सरकारने 'टेली-मानस' ही फोनवरील सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर आपल्या भाषेत बोलता येते. रात्र निभावण्यासाठी कोणी दारूचा घोट घेत असेल किंवा दुसऱ्याच्या झोपेच्या गोळ्या खात असेल, तर त्याने तेवढे तरी लगेच कोणाला सांगावे. त्या वाटेने भीती जात नाही, फक्त तिला सोबतीण मिळते.

मंडळीचे काम याहून सोपे आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की मुलांना गप्प करण्यासाठी भुतांची किंवा सैतानाची गोष्ट सांगू नये, आणि शिक्षा म्हणून कोणालाही अंधारात ठेवू नये. मुलाने भीती सांगितली तर इतर मुलांना हसू देऊ नये. संध्याकाळच्या सभेला न येणाऱ्याला "का आला नाहीत?" असे चारचौघांत विचारू नये. त्याऐवजी आदल्या दिवशी जाऊन एवढेच म्हणावे, "उद्या आम्ही तुमच्या दारावरूनच जाणार आहोत, बरोबर जाऊ." परत येतानाही दारापर्यंत पोहोचवावे, आणि आत दिवा लागेपर्यंत अंगणात थांबावे. याला पैसे लागत नाहीत.

त्या मुलाकडे आम्ही तिसऱ्या रविवारी स्वतः गेलो आणि त्याला घेऊन आलो. वर्गात शमुवेलाचा धडा पुन्हा काढला. शमुवेलाला भीती वाटली की नाही हे तेथे लिहिलेले नाही, असे आम्ही मुलांना सांगितले. हाक ऐकून तो तीनदा उठला आणि एलीकडे धावत गेला एवढे लिहिले आहे, आणि एली त्याच्यावर रागावला नाही हेही त्या वृत्तांतातून दिसते. मग म्हणालो, "मागच्या वेळी तुम्ही मला विचारलं होतं. मी खोटं सांगितलं. मला अंधाराची भीती वाटते. पूर्वी फार वाटायची, आता थोडी कमी."

क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग त्यानेच विचारले, "मग तुम्ही रात्री काय करता वो, सर?"

"घरच्यांना उठवतो," आम्ही म्हणालो.

वर्ग हसला. या वेळी तोही हसला. पण त्याचा प्रश्न अजून संपला नव्हता. "आणि त्या उठतात?"

"उठतात," आम्ही सांगितले. "रोज उठतात."

त्याने मान हलवली आणि शास्त्र उघडून आपले पान काढले. त्याच्या घरी दिवा अजून जळतो, असे त्याची आई सांगते. मात्र आता तो दाराबाहेर ठेवलेला असतो.